कुरणवाडीच्या वर्गात आया

ता. ११ जून १९३४, सोमवार

कुरणवाडीला पोचले. निपाणीपासून बैलगाडीने दोन तास. अण्णा अनगोळहून सोडायला आले होते. अंबुबाईंच्या घरातली पुढची खोली मला राहायला मिळाली आहे. त्यांनी वाढलेली भाकरी खाऊन अण्णा त्याच गाडीने परतले. जाताना म्हणाले, "जया, ही वही ठेव. कुणाशी भांडावंसं वाटलं की आधी हिच्यात लिही."

हे गेल्याला सात वर्षं झाली. अण्णांनी मला माहेरी आणून शिकवलं, व्हर्नाक्युलर फायनलला बसवलं, ट्रेनिंगला पाठवलं. आता मी मुलींच्या वर्गाची मास्तरीण आहे. पटावर नऊ मुली. डेप्युटी साहेबांची अट स्पष्ट आहे: जानेवारीच्या तपासणीला वर्गात वीस मुली दिसल्या नाहीत तर वर्ग बंद.

हेडमास्तर मारुतीराव भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला एकच सल्ला दिला, "बाई, इथं कुणाशी वाद घालायचा न्हाय." मी म्हटलं, वाद घालायला मी आलेलीच नाही.

ता. २२ जून

मुली बारा झाल्या. तंबाखू पिकवणाऱ्या भरमूची शालू फार हुशार आहे. एकदा सांगितलेलं विसरत नाही.

अंबुबाई दिवसभर वखारीत तंबाखू चाळायला जातात. इथल्या बहुतेक बायका जातात. गावाला तंबाखूचा वास आहे. पहिले चार दिवस शिंका आल्या, आता येत नाहीत.

पाटलांच्या नातीला शाळेत घालावं म्हणून सांगायला गेले होते. गुंडाप्पा पाटील गावातले मोठे जैन शेतकरी, वय साठीच्या आसपास. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते. म्हणाले, "राजमतीला घरात शिकायला लई हाय. तुमच्या शाळेत कवायत करत्यात म्हणं पोरी. पाय उचलून." मी कवायतीचे फायदे सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला ताक दिलं. मुलगी दिली नाही.

ता. ६ जुलै, शुक्रवार

आज फार छान दिवस गेला. नव्या क्रमिक पुस्तकात तंबाखूच्या दुष्परिणामांवर धडा आहे. मी तो पोटतिडकीने शिकवला. फुप्फुसांचं चित्र फळ्यावर काढलं. शेवटी मुलींना उभं करून शपथ घ्यायला लावली: आम्ही घरी जाऊन वडिलांना सांगू की तंबाखू विष आहे आणि ते पिकवणं पाप आहे. पापाचं पुस्तकात नव्हतं, ते मी घातलं. मुलींचे डोळे चमकत होते. शिक्षण म्हणतात ते हेच.

ता. ७ जुलै

शालूने बापाची चिलीम शेणाच्या उकिरड्यात पुरली. बापाने विचारलं तर म्हणाली, "तुमी पाप करतासा, असं बाईंनी सांगितलंय."

भरमू सकाळी शाळेच्या दारात आला. ओरडला नाही, तेच वाईट वाटलं. म्हणाला, "बाई, चिलमीचं काय न्हाय. दुसरी आणीन. पर मी त्याच तंबाखूवर तिला वाढवलीया. पोरीनं बापाला पापी म्हणावं, ह्ये कुठल्या पुस्तकात हाय?" मी म्हटलं, "आरोग्याच्या."

आज वर्गात चार मुली होत्या. चौघीही मारुतीरावांच्या भाच्या.

ता. १५ जुलै, रविवार

गुंडाप्पा पाटील जिल्हा लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे आहेत. आज मारुतीच्या देवळापुढे त्यांची सभा झाली. मी आणि अंबुबाई समोरच्या घराच्या दाराआडून ऐकत होतो.

माणूस जुन्या विचारांचा आहे, पण बोलतो चांगलं. आवाज चढवत नाही. म्हणाले, "तुमचं वासरू कुठल्या माळावर सोडायचं ते तुमी ठरवतासा. मग लेकराच्या डोक्यात काय घालायचं ते बेळगावात बसलेला कोण कारकून ठरवणार? मी शाळेच्या विरुद्ध न्हाय. शाळा पायजे. पर शाळेत काय शिकवत्यात ते आईबापाला कळाय पायजे. आईबापाचा हक्क हाय त्यो."

मग हीच गोष्ट कानडीत सांगितली. लोक माना डोलवत होते. भरमूला चिलमीचं दुःख आहे, मुसलमान गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मुलींच्या कवायतीची काळजी आहे, लिंगायतांना वाटतं कानडीचा एक तास हवा. प्रत्येकाचं गाऱ्हाणं वेगळं, आणि प्रत्येकाला वाटलं की पाटील आपलंच बोलत आहेत. एरवी ही माणसं एका पारावर बसत नाहीत.

एका वाक्याला माझीही मान हलली. अंबुबाईंनी ते पाहिलं.

ता. २० जुलै

पाटलांच्या विरुद्ध चिकोडीचे एक वकीलसाहेब उभे आहेत. आज त्यांची सभा. काय ते विचार. स्त्रीशिक्षण, विज्ञान, अज्ञानाचा अंधार, ज्ञानाची पहाट. मला अगदी भरून आलं. सभेला एकोणीस माणसं होती आणि त्यातली सहा वकीलसाहेबांच्या मोटारीतून आलेली. त्यांनी गावाचं नाव तीनदा खडकवाडी असं घेतलं, पण मोठ्या माणसांच्या डोक्यात एवढी गावं असतात.

सभेनंतर मी माझी ओळख करून दिली. म्हणाले, "तुमच्यासारख्या स्त्रियाच हा देश घडवतील. इथली परिस्थिती मला कळवत चला." मी कळवणार आहे.

ता. २४ जुलै

आज पाटील स्वतः शाळेत आले. मारुतीराव त्यांना पाहून दुसऱ्या खोलीत नकाशा लावायला गेले आणि बराच वेळ लावत बसले.

पाटलांनी पुस्तक हातात घेतलं, पानं उलटली आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "मला कानडी वाचता येतंय. ही मराठीची बाळबोध येत न्हाय. त्यो धडा वाचून दाखवा."

मी वाचला. त्यांनी मान खाली घालून ऐकला.

"ह्यात पाप कुठं हाय?"

"ते मी सांगितलं."

"मग पुस्तकाचं न्हाय, तुमचं हाय." जरा थांबून म्हणाले, "बाई, मी जन्मात तंबाखूला तोंड लावलं न्हाय. तरी पिकवतोय. त्याचं मलाच उत्तर सापडंना, आणि तुमी ते सात वर्साच्या पोरीला देऊन टाकलासा."

मग त्यांनी मागणी सांगितली. मुली परत पाठवायच्या तर वर्गात काय चालतं ते बघायला बापांना बसू द्यायचं. मी म्हटलं, वीस बाप्ये समोर बसले तर मुली तोंड उघडणार नाहीत. ते म्हणाले, मग मुलीही येणार नाहीत.

मी म्हटलं, माझं म्हणणं लेखी कळवते.

ता. २५ जुलै

काल संध्याकाळी बसून पाटलांना पत्र लिहिलं. चार परिच्छेद. तिसऱ्यात समाज आणि शिक्षक यांच्या नात्याबद्दल जे लिहिलंय ते मला स्वतःलाच आवडलं.

आज ते द्यायला गेले तर पाटील शेताकडे गेले होते. त्यांच्या पत्नी तारामती आक्का घरी होत्या. हळद पाखडत होत्या. शांत, कमी बोलणाऱ्या. दुपारी कानडी पोथी वाचतात म्हणे. मी त्यांना सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायचं होतं.

त्यांनी विचारलं, "सभेत ते काय म्हटले? बापाचा हक्क म्हटले, का आईबापाचा?"

"आईबापाचा."

"दोनी डाव?"

"मराठीत आईबाप. कानडीत काय म्हणाले ते मला कळलं नाही."

"कानडीत पण आईच पहिली येती," त्या म्हणाल्या आणि सूप आपटलं. "पत्र ठेवून जावा. देते."

फार साध्या बाई आहेत.

ता. २७ जुलै, शुक्रवार

विजय. पाटलांनी निरोप पाठवला: बाप्यांच्या ऐवजी आया बसतील. सभेत आपण आईबाप असंच बोललो होतो, तेव्हा आईलाही तेवढाच हक्क आहे. आया बसल्या तर पोरी बुजणारही नाहीत.

माझ्या तिसऱ्या परिच्छेदाचा परिणाम झाला असणार. लेखणीत ताकद असते असं ट्रेनिंगला सांगायचे ते खोटं नव्हे.

ता. ६ ऑगस्ट, सोमवार

आया आल्या. वखारीचा आठवड्याचा खाडा सोमवारी असतो, म्हणून सोमवार ठरला. सात जणी. शालूची आई नागुबाई मेथी निवडायला घेऊन आली. एकीने मांडीवर तान्हं आणलं. तारामती आक्काही आल्या, नवऱ्याच्या वतीने लक्ष ठेवायला, आणि राजमती घरी एकटी राहत नाही म्हणून तिलाही घेऊन आल्या.

शिकवणं मुश्किल झालं. मी मुलींना विचारलं, "आठ सक किती?" तर नागुबाई म्हणाली, "अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, तुम्ही उत्तर द्यायचं नाही. ती म्हणाली, "मग तिला येत न्हाय तर गप बसू व्हय?" त्यावरून मायलेकींचं भांडण.

ता. २० ऑगस्ट

आया अकरा, शेजारच्या पोरीला घेऊन येणाऱ्या अंबुबाई धरून. मुली सतरा. आया येताना शेजारच्या मुलीही बरोबर घेऊन येतात, त्यामुळे गर्दी फार होते. काही आया तर आता सोमवार सोडून इतर दिवशीही वखारीतून सुटल्यावर डोकावतात.

नागुबाईने शालूची पाटी ओढून घेतली आणि 'न' काढला. विचारलं, "ह्यो माझा न्हवं?" मी हो म्हटलं. उरलेल्या तासात तिने तीस-चाळीस न काढले. पाटी लेकीला दिलीच नाही. मला शालूसाठी दुसरी पाटी शोधावी लागली. अशाने अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा?

ता. ३ सप्टेंबर

आज राहवलं नाही. वकीलसाहेबांना सविस्तर पत्र लिहिलं. लिहिलं की पालकांच्या हक्काच्या नावाखाली शाळेचं चव्हाट्यात रूपांतर झालं आहे, वर्गात भाज्या निवडल्या जातात, अर्भकं रडतात, आणि प्रौढ स्त्रिया बालिकांच्या पाट्या बळकावतात. थोडं तिखट झालं, पण वाक्यं डौलदार उतरली. मन हलकं झालं. अण्णांनी सांगितलं होतं की आधी वहीत लिहावं. आज विसरले.

ता. १७ सप्टेंबर

मला ताप. तीन दिवस अंथरुणात. अंबुबाईंनी पेज करून घातली. वर्ग बंद असेल म्हणून जिवाला घोर. आज उठून गेले तर वर्ग चालू. तारामती आक्का पाढे म्हणून घेत होत्या आणि राजमती फळ्यावर लिहीत होती. राजमतीचं नाव अजून पटावर नाही. मी आक्कांना म्हटलं, नाव घालायचं का? त्या म्हणाल्या, "त्यांनी अजून व्हय म्हटलेलं न्हाय. ती शाळेत येत न्हाय, माझ्यासंगं येती."

वकीलसाहेबांचं उत्तर नाही. निवडणुकीच्या धावपळीत असतील.

ता. ८ ऑक्टोबर, सोमवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

सहामाही उजळणीत तंबाखूचा धडा आला. पाटलांना त्यांच्या मागणीप्रमाणे आधी कळवलं होतं. ते भरमूला आणि आणखी चार जणांना घेऊन आले आणि दाराशी उभे राहिले. आया चौदा होत्या. नागुबाई आणि तारामती आक्का बरोबरच चालत आल्या, पुढे शेजारी शेजारी बसल्या.

मी या खेपेला धडा जसा आहे तसा शिकवला. पापाचं काही बोलले नाही. संपल्यावर मी भरमूकडे बघून म्हटलं, "त्या दिवशी शपथ घ्यायला लावली ती माझी चूक होती. मुलींना बापाच्या विरुद्ध उभं करायचं नव्हतं मला." हे म्हणायचं असं काही ठरवलं नव्हतं. ते आपोआप निघालं.

भरमू पायांकडे बघत राहिला. पाटील म्हणाले, "बाईंचं झालं. आता माझं म्हणणं हाय, ह्यो धडाच काढून टाकावा. तंबाखूच्या गावात कशाला?"

आक्कांनी नागुबाईला कोपराने ढोसलं. बहुधा जागा कमी पडत असावी. नागुबाई बसल्या जागेवरून बोलली.

"मी वखारीत चाळायला बसते. घरी आल्यावर तासभर खोकते. अंबुबाई खोकत्यात. सगळ्याजणी खोकतोय. पुस्तकात वढणाऱ्याचं लिवलंय, चाळणारीचं काय लिवलेलं न्हाय. धडा काढू नका. आमचं पण घाला."

भरमू बायकोकडे असा बघत होता की जणू तिचा खोकला त्याने आजच ऐकला.

पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मी काढा म्हणाय आलतो," ते म्हणाले, "आणि ह्या म्हणत्यात वाढवा." मग बाहेर गेले. बाकीचे बाप्येही मागोमाग गेले.

माझ्या संयत शिकवण्याचा परिणाम झाला म्हणायचा.

ता. १२ ऑक्टोबर

भरमू चिलीम आता अंगणात बसून ओढतो, घरात नाही, असं शालूने सांगितलं. वखारीच्या मालकाकडे पाटील जाऊन आले. चाळायच्या जागेला दोन खिडक्या पाडणार आहेत. अंबुबाई म्हणतात, खिडक्या पडल्या की मग खरं.

ता. १९ नोव्हेंबर

निवडणूक झाली. पाटील मोठ्या मताधिक्याने निवडून आले. प्रचाराच्या सभांतून त्यांनी तंबाखूचं नाव काढणं सोडलं होतं, पण आईबापाचा हक्क सोडला नव्हता. आता ते स्कूल बोर्डावरही जाणार असं मारुतीराव सांगत होते. ते बातमी ऐकल्यापासून पाटलांना आणखी वाकून नमस्कार करतात.

मी पराभूत पक्षाची. दुपारभर उदास होते. मग पाटलांच्या घरून शेंगदाण्याचे लाडू आले. मी परत पाठवणार होते, पण अंबुबाईंनी तोवर एक खाल्ला होता.

ता. २१ जानेवारी १९३५, सोमवार

डेप्युटी साहेबांची तपासणी. नेमका सोमवार.

मुली सव्वीस. साहेबांनी दोनदा मोजल्या. शालूने कविता न अडखळता म्हटली. राजमतीने भागाकार केला. नाव विचारलं तर राजमती म्हणाली, "मी आजीसंगं आलीया." साहेबांना वाटलं मुलगी विनोदी आहे.

मग त्यांनी मागच्या बाजूला पाहिलं. एकोणीस आया ओळीत बसलेल्या, काहींच्या मांडीवर पाट्या. "हे काय?" मी समजावलं. त्यांनी ते वहीत लिहिलं. वर्ग मात्र कायम राहणार.

वर्ग राहिला. सव्वीस मुली. अण्णांना आजच कार्ड टाकलं.

ता. १३ फेब्रुवारी, बुधवार

बदलीचा हुकूम आला. मला कणकुंबीला जायचं आहे, गोव्याच्या सीमेवरच्या जंगलात. एक मार्चपासून. कारण: वर्गात अनधिकृत व्यक्तींना बसवणे. सोबत बोर्डाकडे गेलेल्या एका तक्रारीची नक्कल आहे.

तक्रार कुणाची ते लिहिलेलं नाही. मात्र लिहिणाऱ्याचं मराठी चांगलं आहे हे कबूल केलं पाहिजे. 'शाळेचे चव्हाट्यात रूपांतर झाले असून प्रौढ स्त्रिया बालिकांच्या पाट्या बळकावितात.' अगदी माझ्या मनात कधी काळी आलं होतं तसं.

ता. १४ फेब्रुवारी

पेटीतून सप्टेंबरच्या पत्राचा कच्चा खर्डा काढून पाहिला. तेच शब्द. स्वल्पविरामसुद्धा तेच.

वकीलसाहेबांनी मला उत्तर लिहिलं नाही, पण पत्र वाया जाऊ दिलं नाही.

बदलीपेक्षा दुसरंच टोचतंय. त्या बायकांनी माझ्या तापात वर्ग चालवला, आणि मी त्यांना चव्हाटा म्हटलं. नागुबाई पाट्या बळकावते असं मी लिहिलं. ती बळकावतेच. पण आज मला त्यापेक्षा चांगली गोष्ट आठवत नाही.

ता. १५ फेब्रुवारी, शुक्रवार

पाटलांकडे जाऊन सांगितलं. न सांगता कणकुंबीला गेले असते तर जन्मभर तोंड लपवावं लागलं असतं.

सोप्यावर पाटील आणि तारामती आक्का दोघेही होते. मी म्हटलं, "आप्पा, ही तक्रार माझ्याच पत्रातली आहे. मी तुमच्या विरुद्धच्या उमेदवाराला लिहिलं होतं."

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी वाचली. बालिकांच्या पाट्यांपाशी पाटील हसायला लागले आणि मग त्यांना थांबता येईना. डोळे पुसून म्हणाले, "लई झकास लिवलंय. मला असं लिवता आलं असतं तर सभा घेतल्याच नसत्या."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय की. पर तुमी येऊन सांगितलासा. त्यो वकील न्हाय आला." मग जरा गंभीर झाले. "बाईंची बदली कोण करणार, कोण न्हाय, त्यो बोर्डाचा अधिकार हाय. त्यात आमी कसं पडायचं?"

आक्का पोथी गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "लेकरांना काय शिकवायचं त्यात आईबापानं बोलायचं, आणि कोण शिकवणार त्यात बोलायचं न्हाय? सभेत तसं म्हटला न्हवतासा."

पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "अर्ज लिवा. आयांच्या नावानं. असंच तिखट लिवा, फकस्त आमच्या बाजूनं."

ता. १८ फेब्रुवारी, सोमवार

अर्जावर सह्या झाल्या. तेवीस आया. नऊ जणींनी अंगठा दिला, चौदा जणींनी सही केली. वर्गात एवढी शांतता मी वर्षभरात पाहिली नव्हती. अंबुबाईंना एवढा वेळ लागला की टाक तीनदा बुडवावा लागला. तारामती आक्कांनी कानडीत न करता बाळबोधीत केली, सावकाश, प्रत्येक काना सरळ.

भरमू बायकोची सही बघायला आला. कागद हातात घेऊन म्हणाला, "ह्यात तुजं नाव कुठलं गं?" नागुबाईने बोट ठेवलं. तो वाकून बघत राहिला. "एवढंच?" "एवढंच असतंय," ती म्हणाली. तो कागद परत ठेवताना त्याने दोन्ही हातांनी ठेवला.

मला वर्षभर वाटत होतं की या बायका माझं शिकवणं बिघडवतात. आज बाहेर जाऊन तोंड धुवून आले.

ता. ४ मार्च, सोमवार

मी अजून कुरणवाडीत. पाटील काल बेळगावहून परतले. आज वर्गात येऊन त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

बोर्डाच्या बैठकीत कुणी म्हणालं, शिक्षिकेची नेमणूक हा पालकांचा विषय नाही. पाटलांनी उत्तर दिलं, "मी निवडणुकीत एकच गोष्ट बोललो. शाळेत काय चाललंय ते आईबापाला कळाय पायजे. कळायचं तर बसाय पायजे. ह्या बसल्या. नुसत्या बसल्या न्हाईत, सही कराय शिकल्या. आता तुमी म्हणतासा, बसवलं म्हणून बाईला जंगलात धाडतो. मग मला निवडून दिलेल्या लोकांना मी काय सांगू? आणि मी हितं भांडाय आलेलो न्हाय. आयांना बसाय सतरंज्या मागाय आलोय."

अर्ज वाचला गेला. बदली रद्द झाली. सोमवारी आयांनी बसायला बोर्डाची परवानगी मिळाली. सतरंज्या नामंजूर.

"अर्ज कसा वाटला त्यांना?" मी विचारलं.

"सह्या बघत हुते," ते म्हणाले.

मग त्यांनी राजमतीचं नाव पटावर घालायला सांगितलं. त्यांचं मन पालटलं याचं मला नवल वाटलं. बहुधा माझा अर्ज ऐकून.

ता. २७ एप्रिल, शनिवार

सुट्टी लागली. अनगोळला जायला निघाले. पाटील आणि तारामती आक्कांना निपाणीला काम होतं, त्यांच्याच गाडीतून गेले. पाटील स्वतः गाडी हाकत होते. अंबुबाईंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि जूनला ये म्हणून तीनदा बजावलं.

वाटेत पाटील म्हणाले, "बाई, एक आधीच सांगतो. येत्या साली कवायतीचा मी ठराव आणणार. आईबापाला नको असंल तर पोरीला कवायत नको. त्यात मी हार जाणार न्हाय."

मी म्हटलं, "आणि मी विरोध करणार. लेखी."

"करा. तुमचं लिवणं मला आवडतंय."

दोन्ही बाजूंना मोकळी शेतं होती. आक्का गाडीत मागे टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना डुलकी लागली. मग त्या म्हणाल्या, "बाई, कवायत करायची म्हटली तर लुगडं कसं नेसायचं असतंय?"

पाटलांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी बैल हाकले, आणि गाडी जरा जोरात चालू लागली.